नऊ महिन्यांच्या कारवानला सोबत पळायला न्यावं का?

प्रश्न कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका ताईंचा आहे. घरी नऊ महिन्यांचा कारवान-मिश्र नर कुत्रा (कारवान ही दख्खनची शिकारी कुत्र्यांची जात), वजन वीस किलोच्या आसपास. ताई स्वतः रोज पहाटे सहा-सात किलोमीटर पळतात, किलोमीटरला साडेसहा मिनिटं या वेगानं. कुत्र्याला काही वेळा सोबत नेऊन पाहिलं. तो आधी ओढत सुटतो, मग उड्या मारून ट्रॅकपँट धरतो आणि मोटारसायकल दिसली की तिच्यावर झेपावतो. लीश (कुत्र्याच्या पट्ट्याला लावायची दोरी) कमरेला बांधावी का, किती अंतरापासून सुरुवात करावी आणि पुढच्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉनला त्याला सोबत नेता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. आत्ता त्याला पळायला नेऊ नका. अजून सहा महिने तरी नाही. पण हे सहा महिने मोकळे जाणार नाहीत, कारण पळण्याच्या शिक्षणातला खरा भाग याच काळात होतो. पळायचं कसं हे कुत्र्याला कुणी शिकवावं लागत नाही, कारवानला तर मुळीच नाही. त्याला येत नाही ते थांबणं, वेग कमी करणं आणि मनात नसताना तुमच्या बाजूला राहणं. गाडीचा ब्रेक बसवण्याआधी कुणी ती पन्हाळ्याच्या घाटात काढत नाही. बहुतेक लोक कुत्र्याच्या बाबतीत मात्र नेमकं तेच करतात आणि मग ‘फार ओढतो हो’ म्हणून माझ्याकडं येतात.

सहा महिने का, ते सांगतो. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते तिथं. वाढ पुरी झाली की हा थर हाडात बदलतो आणि बंद होतो. तोवर तो भाग हाडाच्या मानानं कच्चा असतो. तिथं मार बसला किंवा सतत ताण आला तर पाय वाकडा वाढू शकतो, आणि ते नंतर दुरुस्त करणं अवघड जातं. लहान जातीच्या कुत्र्यांत हे थर ८ ते १० महिन्यांत बंद होतात, मध्यम जातींत वर्षाच्या आसपास. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्यांना १४ ते १८ महिने लागतात आणि ग्रेट डेनसारख्या थोराड जातींना त्याहून जास्त. तुमचं कुत्रं मिश्र आहे, पाय लांब आहेत, त्यामुळं १५ महिने धरून चला. लवकर नसबंदी केली असेल तर हे थर आणखी उशिरा बंद होतात, तेव्हा महिना-दोन महिने वाढवा. फारच घाई असेल तर पशुवैद्यांकडून पुढच्या पायाचा एक्स-रे काढून घ्या, त्यात थर बंद झालाय का ते स्पष्ट दिसतं. त्याच वेळी मागचे खुबे, गुडघ्याच्या वाट्या आणि हृदयही तपासून घ्या.

याचा अर्थ पिल्लाला कोंडून ठेवा असा नाही. मोकळ्या मातीच्या मैदानात ते स्वतःच्या मनानं पळतं, वळतं, दमलं की लोळतं, ते चांगलंच आहे. वाईट आहे ते डांबरावर किंवा काँक्रीटवर एकाच लयीत, दुसऱ्याच्या वेगानं, वीस-तीस मिनिटं पळणं. कारण मोकळं कुत्रं दमलं की थांबतं. लीशवरचं कुत्रं थांबत नाही, मालकामागं येतच राहतं. आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर त्यावर घसरून, पाय फाकून पिल्लाच्या सांध्यांचं जे नुकसान होतं, ते पटांगणातल्या धिंगाण्यापेक्षा जास्त असू शकतं. ज्या खोलीत ते खेळतं तिथं जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट अंथरा. नखंही वेळच्या वेळी कापा. फरशीवर टकटक आवाज आला की समजा, वाढलीत.

आता ब्रेक. तीन शब्द ठरवा: ‘थांब’, ‘हळू’ आणि ‘मागं’. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. बऱ्याच घरांत मुलगा ‘स्टॉप’ म्हणतो, वडील ‘थांब की रं’ आणि आजी ‘गप बस’. कुत्र्याला वाटतं ही माणसं आपसातच काहीतरी बोलतायत.

‘थांब’ घराच्या पॅसेजमध्ये सुरू करा. कुत्रं उजव्या बाजूला ठेवा, उजवी बाजू का ते पुढं येईल. दोन पावलं चाला, साध्या आवाजात ‘थांब’ म्हणा, एक क्षण जाऊ द्या आणि मग तुम्ही थांबा. मधला तो क्षण महत्त्वाचा आहे. शब्द आणि तुमचं थांबणं एकाच वेळी झालं, तर कुत्रं शब्द ऐकतच नाही, फक्त तुमच्या अंगाकडं बघून थांबायला शिकतं. पळताना तुमच्या अंगाकडं बघायला त्याला सवड नसते, तेव्हा शब्दच कामाला येतो. चारही पाय थांबले की लगेच खाऊ द्या, तोही तुमच्या उजव्या गुडघ्याशी. समोर हात करून दिलात तर ते दर वेळी वळून तुमच्या पुढ्यात यायला शिकेल, आणि पळताना पुढ्यात आलेलं कुत्रं म्हणजे तुम्ही तोंडघशी.

पॅसेजमध्ये जमलं की अंगणात, मग गेटबाहेर, मग गल्लीत. प्रत्येक नव्या जागी पुन्हा सोप्यापासून सुरू करायचं. घरात दहापैकी नऊ वेळा थांबणारं कुत्रं गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्याजवळ एकदाही थांबत नाही, आणि तो हट्टीपणा नव्हे. त्या जागी तो धडा त्याच्यासाठी अजून नवाच असतो.

‘हळू’ म्हणजे पळण्यावरून चालण्यावर येणं. ‘मागं’ म्हणजे जागच्या जागी उलट फिरून आल्या वाटेनं निघणं. हा तिसरा शब्द लोक शिकवायचा विसरतात. समोरून चार भटकी कुत्री आली, वाटेत गवा उभा दिसला, कुणी शाळेच्या व्हॅनचं दार धाडकन उघडलं, तर ‘थांब’पेक्षा ‘मागं’ उपयोगी पडतं. शिकवायला तो तिन्हींत सोपाही आहे. चालता चालता आनंदी आवाजात ‘मागं!’ म्हणा, वळा, दोन पावलं पटापट टाका, कुत्रं गाठून आलं की खाऊ. त्याला हा खेळच वाटतो.

खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, उकडलेलं अंडं किंवा पनीर. मीठ-मसाला नको. आपल्या गावात हे बजावून सांगावं लागतं, कारण रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्शातला मटणाचा तुकडा कुत्र्याला दिला नाही तर माणसांना चैन पडत नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवलेल्या हाडाचे टोकदार कपचे आतड्यात रुततात. द्राक्षं आणि बेदाणेही देऊ नका, त्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

ओढण्याबद्दल. हार्नेसमुळं, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजामुळं, कुत्रं ओढायला लागतं हा समज गावभर आहे. कुत्रं ओढतं कारण ओढलं की पुढं जायला मिळतं, एवढंच कारण. लीश ताणली की तुम्ही झाडासारखे उभे राहा. सैल झाली की पुढं. पहिल्या आठवड्यात घरापासून कोपऱ्यापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागतील आणि शेजारी गमतीनं बघतील, बघू द्या. पळण्यासाठी छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्या, म्हणजे खांदे मोकळे राहतात. छातीवरून आडवा पट्टा जाणारा हार्नेस खांद्याची हालचाल अडवतो. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणि काट्यांचा पट्टा पळताना तर अजिबात नको. तुम्ही अडखळलात की तुमचं सगळं वजन त्याच्या गळ्यावर जातं. कारवानची मान लांब आणि डोकं निमुळतं, त्यामुळं साधा पट्टा डोक्यावरून सहज निसटतो, हेही ध्यानात ठेवा. पट्टा आणि हार्नेस यांची कामं वाटून दिलेली बरी: पट्टा म्हणजे हुंगत फिरायचं, हार्नेस म्हणजे काम. काही दिवसांत हार्नेस उचलला की त्याचा चेहरा बदललेला दिसेल.

ट्रॅकपँट धरण्याची तक्रार या वयाच्या कुत्र्यांत हमखास असते. हलणारी वस्तू पकडणं हे त्याच्या रक्तात आहे, आणि सगळ्यात जवळ हलतात ते तुमचे पाय. त्यात तुम्ही ओरडता, त्याला ढकलता, म्हणजे त्याच्या लेखी तुम्हीही खेळायला लागलात. धरलं की पुतळ्यासारखं उभं राहा, आवाज नाही, नजर नाही. सोडलं की चालत पुढं. पण त्याला धरू देऊन मग सुधारण्यापेक्षा धरायची वेळच येऊ न देणं चांगलं. तो साधारण कितव्या पावलाला उडी मारतो ते बघा. बाराव्या पावलाला मारत असेल तर आठव्या पावलाला तुम्हीच ‘हळू’ म्हणून चालायला लागा आणि खाऊ द्या. दोन-चार दिवसांनी दहावर जा, मग पंधरावर. कुत्र्याची उत्तेजना भांड्याबाहेर येण्याआधी जाळ कमी करणं, यातच निम्मं काम आहे. चार दिवस जमलं नाही तर अंतर कमी करा, आवाज वाढवू नका.

मोटारसायकलवर झेपावणं ही मात्र गंमत नाही. कारवान हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं. त्याच्या पूर्वजांना दख्खनच्या माळावर ससा दिसताच सुटण्यासाठी शतकानुशतकं निवडलंय. मुधोळचे घोरपडे राजे याच कुत्र्यांसाठी प्रसिद्ध झाले. वेगानं दूर जाणारी वस्तू दिसली की त्याचं डोकं बंद होतं आणि पाय सुरू होतात. ओरडून, लीशला झटके देऊन हे जात नाही, उलट ‘मोटारसायकल आली की मला त्रास होतो’ एवढंच तो शिकतो आणि आणखी चवताळतो.

करायचं असं. रस्त्यापासून इतकं लांब उभं राहा की गाडी दिसते, पण तो तुमच्या हातचं खातो. ते अंतर चाळीस-पन्नास मीटर असलं तरी चालेल. खायचं थांबवलं, अंग ताठ झालं, कान पुढं आले की समजा जवळ आलात, मागं सरका. गाडी दिसली की खाऊ सुरू, गेली की खाऊ बंद. काही दिवसांनी गाडी दिसल्यावर तो स्वतः तुमच्याकडं वळून बघेल. त्या वळण्याची वाट बघायची असते. ते आलं की अंतर थोडं कमी करा. सायलेन्सर बदललेल्या बुलेटसाठी हाच धडा वेगळा द्यावा लागेल, कारण तिथं आवाजाची भीतीही मिसळलेली असते. चालताना पूर्ण जमल्याशिवाय हा प्रयोग पळताना करू नका.

लीश कमरेला बांधावी का? ‘थांब’ आणि ‘मागं’ गाडी समोर असताना, मांजर समोर असताना, पहिल्याच हाकेला होत असतील तर बांधा. तोवर हातातच. पूर्ण वाढलेलं कारवान थोड्या अंतरासाठी तासाला पन्नास किलोमीटरच्या वर जाऊ शकतं, आणि त्या झटक्याला कमरेला बांधलेलं माणूस आडवंच होतं. कमरपट्टा घ्याल तेव्हा एका हातानं ओढून सुटणारी कडी असलेला घ्या आणि लीशमध्ये ताणला जाणारा इलॅस्टिकचा तुकडा असू द्या. लांबी दीड ते दोन मीटर. बटण दाबून लांब होणारी लीश पळायला घातक आहे. हातात धराल तेव्हाही मनगटाला गुंडाळू नका, प्रसंगी सोडता आली पाहिजे.

उजव्या बाजूचं कारण असं. आपल्याकडं वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूनं जातात. फूटपाथ नसेल तिथं पळणाऱ्यानं उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या वाहनाकडं तोंड करून पळावं. म्हणजे वाहनं तुमच्या डाव्या हाताला आणि साइडपट्टी उजव्या हाताला येते. कुत्रं साइडपट्टीवर हवं, म्हणून उजवीकडं. बहुतेक प्रशिक्षक डावीकडं शिकवतात, कारण पोलिसांच्या आणि प्रदर्शनातल्या कुत्र्यांची रीत तशी आहे. कवायतीला ती ठीक, कळंब्याच्या रस्त्याला नाही. आणि एकदा बाजू ठरली की बदलू नका. तुमच्या मागून पलीकडं जाणारं कुत्रं लीश पायात अडकवतं.

आता समजा, १५ महिने झाले आणि पशुवैद्यांनी हिरवा कंदील दिला. सुरुवात अंतरानं करू नका, वेळेनं करा. आधी दहा मिनिटं पट्ट्यावर हुंगत फिरणं, शी-शू उरकणं, मग हार्नेस. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं एकूण पंधरा-वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. पुढच्या प्रत्येक आठवड्यात पळण्याचा वेळ साधारण एक दशांशानं वाढवा. असं करत दोन-तीन महिन्यांत तीन किलोमीटर सलग जमतील, पाच किलोमीटरला आणखी तेवढाच काळ लागेल. तुमचा वेग तासाला नऊ किलोमीटरच्या आसपास पडतो. त्या वेगात या आकाराचं कुत्रं दुडक्या चालीनं येतं, समोरासमोरचे तिरके पाय एकदम उचलून. तीच त्याची कमी दमवणारी चाल आहे. उड्या घेत पळायला लागलं तर तुम्ही फार वेगात आहात. मधूनच एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागलं तर बहुधा दमलंय, किंवा कुठंतरी दुखतंय.

तुमचे सहा-सात किलोमीटर सगळे त्याच्यासोबत करायची गरज नाही. आधी त्याच्यासोबत तुमचा वॉर्मअप, मग त्याला घरी सोडून तुमचं खरं पळणं, ही सोय मला सगळ्यात शहाणी वाटते. तुमचाही सराव बिघडत नाही.

दमल्याची खूण कुत्रं स्वतः सांगत नाही, ती बघावी लागते. जीभ नेहमीपेक्षा लांब आणि टोकाशी चमच्यासारखी पसरलेली, तुमच्या गुडघ्यापासून हळूहळू मागं पडणं, विनाकारण प्रत्येक खांबाशी हुंगायला थांबणं, सावलीकडं ओढणं, यातलं काहीही दिसलं की पळणं संपलं. दुसऱ्या दिवशी उठताना अंग आखडलं असेल किंवा पंजे चाटत बसला असेल, तर कालचं जास्त झालं.

उन्हाचं वेगळं सांगतो, कारण कुत्री यात जीव गमावतात. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंज्यांच्या तळव्यांना. बाकी सगळी उष्णता ते धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून बाहेर टाकतं. हवेत दमटपणा असेल तर पाणी उडत नाही आणि धापा वाया जातात. म्हणून मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर संध्याकाळी आपल्याला गार वाटतं, तेव्हाही कुत्र्याला पळवणं धोक्याचं असतं. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या पुढं गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. हिरड्या लालभडक, घट्ट चिकट लाळ, झोकांड्या, उलटी, असं दिसलं तर तिथंच सावलीत घ्या, सगळ्या अंगावर साधं गार पाणी ओता, ओतत राहा, वारा घाला आणि मग दवाखान्यात न्या. पाणी ओतून ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, टॉवेल गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते. मार्च ते मे या काळात सकाळी साडेसहाच्या आत घरी परत. संध्याकाळी डांबर ऊन उतरल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही सोसणार नाही. पग, बुलडॉग, शिहत्झू यांना मी कुठल्याही ऋतूत पळवायला सांगत नाही, त्यांना चालणंच पुरे.

जागा. रंकाळ्याचा रस्ता पळायला सुंदर, पण शिकाऊ कुत्र्यासाठी नाही. सकाळी चालणाऱ्यांची दाटी, संध्याकाळी भेळ-भडंगाच्या गाड्या आणि खाली पडलेले कागद. तिथं ते सहा महिन्यांनी न्या, परीक्षा म्हणून. विद्यापीठाचा परिसर किंवा एखादं मैदान वापरायचं असेल तर कुत्र्याला परवानगी आहे का ते गेटवर विचारून घ्या आणि शी उचलायला पिशवी सोबत ठेवा. मला स्वतःला शहराबाहेरची मातीची पाणंद सगळ्यात आवडते, कळंब्याच्या पुढं, कात्यायनीच्या बाजूला अशा वाटा आहेत. माती सांध्यांना सोसते आणि वाहनं कमी. पण शेताची वाट म्हणजे गवतातल्या गोचिडी, उसाच्या पात्याच्या धारेनं चिरणारे पंजे आणि उंदरांमागं आलेली घोणस. परत आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवायचाच. गोचीडतापानं चांगली धडधाकट कुत्री आठवड्यात खंगलेली पाहिलीत. अचानक पळायचा कंटाळा करायला लागलं, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

ऊस तोडणीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, पहाटे कारखान्याच्या रस्त्यावर कुत्रं घेऊन जाऊ नका. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बाजूला हातभर बाहेर आलेला ऊस, मागं दिवा असेलच असं नाही, आणि ड्रायव्हरला गाण्याच्या आवाजात तुमची हाक ऐकू जाणार नाही. रस्त्यावर पडलेली उसाची कांडकी उचलायला कुत्रं अचानक थांबतं तो धोका वेगळाच. अंधारात जावंच लागलं तर हार्नेसवर चमकणारी पट्टी आणि गळ्यात छोटा दिवा हवा.

पन्हाळ्याला किंवा जोतिबाला नेण्याचा मोह होईल. चढ ठीक आहे, उतार वाईट. उतरताना पुढच्या पायांवर फार भार येतो, म्हणून उतरताना चालतच या. त्या भागात गवे आहेत, बिबट्या आहे, आणि बिबट्याला कुत्रं हे आवडीचं खाद्य. चांगलं उजाडल्याशिवाय आणि लीश सोडून तिथं अजिबात नाही.

भटक्या कुत्र्यांवर एकच उपाय पुरत नाही. त्यांचा इलाका ठरलेला असतो, तेव्हा पहिले काही दिवस एकट्यानं पळून त्यांच्या जागा हेरा आणि वाट तशी आखा. अंगावर आलीच तर पळणं तिथंच थांबवा, कारण जे पळतं तेच त्यांना खेचतं. आपलं कुत्रं पायाच्या मागं घ्या, नजर रोखू नका, हळूहळू बाजूला सरका. खाली वाकून दगड उचलल्याचा नुसता हावभाव केला तरी आपल्याकडची कुत्री मागं हटतात. आपलं कुत्रं उचलून घेऊ नका, मग ती तुमच्या अंगावर उड्या घेतात. तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, उद्यावर टाकू नका. तुमच्या कुत्र्याला चावलं तर त्याची लस चालू असली तरी पशुवैद्यांकडं नेऊन बूस्टर द्या.

पावसाळ्यात पंचगंगेच्या काठची डबकी टाळा. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशा पाण्यात असतो आणि तो माणसालाही होतो. लसीकरणात तो धरलेला आहे ना, ते कार्डावर बघून घ्या.

खाणं पळण्याआधी किमान दोन तास नाही, नंतर तासभर नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत, आणि कारवान त्यातलंच, पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पोट ताठ होतं, ओकारी येते पण उलटी होत नाही, असं दिसलं तर मिनिटाचाही उशीर न करता दवाखाना. पाणी मात्र थोडं थोडं, मधून मधून. आणि गंगावेशीत पळून झाल्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची चैन आपली आपण करावी. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: मोपेडला किंवा गाडीला बांधून पळवणं. शर्यतीचं कुत्रं तयार करतो म्हणून काही जण असं करतात. गाडीवर बसलेल्याला दम लागत नाही, त्यामुळं कुत्रं कधी संपलं ते त्याला कळत नाही. रक्ताळलेल्या पंज्यांची अशी कुत्री माझ्यापर्यंत आलीत, आणि त्यातली काही पुन्हा पळण्याच्या लायकीची राहिली नाहीत.

राहिला हाफ मॅरेथॉनचा प्रश्न. पुढच्या हिवाळ्यात तो जेमतेम पाच किलोमीटरपर्यंत आलेला असेल, २१ किलोमीटर त्याच्यासाठी फार आहेत. आणि कारवान हा झपाट्याचा गडी आहे. सरावानं आठ-दहा किलोमीटर पळणारं कारवान चांगलं म्हणायचं. शिवाय गर्दीत, ढोल-ताशात, प्लास्टिकच्या ग्लासांच्या खचात कुठल्याही कुत्र्याला मजा येत नाही, आणि मागून येणाऱ्याच्या पायात तुमची लीश अडकली तर दोघांची हाडं मोडतील. त्या दिवशी त्याला घरीच ठेवा. निघण्याआधी वीस मिनिटं हुंगत फिरवून आणा आणि चावायला काहीतरी देऊन जा, नाहीतर तुम्ही परत येईपर्यंत भुंकून भुंकून गल्ली जागी करेल.